नोंदपत्रकातील एक अक्षर

९ नोव्हेंबर, रविवार

चिटणीस श्री. जॉन लोपीस यांनी वसाहतीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आमच्या आगमनाचे जे वृत्त दिले आहे, त्यात तीन चुका आहेत. आम्ही आज, रविवारी, आलेलो नाही. काल, शनिवारी, सकाळी अकरा वाजता आलो. मी निवृत्त शिक्षक नाही. एकोणचाळीस वर्षे छापखान्यात मुद्रितशोधक होतो. आणि ‘केळुसकर’ या आडनावातील ‘ळु’ ऱ्हस्व आहे. तिन्ही दुरुस्त्या मी त्याच गटावर नम्रपणे नोंदवल्या. लोपीस यांनी उत्तरादाखल अंगठ्याचे चित्र पाठवले. ते संमतीचे चिन्ह असते, असे मनोरमेने समजावले.

चुका वगळल्या, तर आनंदच आहे. वटारची हवा स्वच्छ आहे. वसाहतीत चारच बंगले आहेत आणि त्यांच्यामध्ये कुंपण नाही. एकच अखंड हिरवळ चारही उंबरठ्यांपर्यंत आली आहे. परळच्या दोन खोल्यांत जन्म गेलेल्या माणसांना हे वैभवच. मनोरमेने सामान उघडण्याआधी चपला काढल्या आणि अनवाणी फिरून आली. म्हणाली, अहो, इतकी वर्षे पायांखाली फरशीच होती, हे मला आजच कळले.

शेजारच्या सेलिनबाई आगाशीच्या बाजारातील सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, घेऊन भेटायला आल्या. त्याही भाडेकरूच आहेत, जूनमध्ये आल्या. पती नाहीत, एकुलती मुलगी सिस्टर होऊन कॉन्व्हेंटात राहते. मुलीने देवाची वाट धरली आणि आपण गवताची, असे म्हणून त्या मोठ्याने हसल्या. हिरवळीवर एकही लव्हाळा नाही, याचे मी कौतुक केले, तेव्हा मात्र त्यांनी विषय बदलला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

हिरवळीची निगा आणि कीडनियंत्रण यांसाठी दर मंगळवारी एक बाई येते. नाव मालन, वय पन्नाशीचे. पाठीवर फवारणीचा पंप, हातात खुरपे. कामात तरबेज. ‘पानी’, ‘कोन’, ‘लोनी’ असे बोलते, परंतु व्याख्या मात्र एखाद्या कोशकाराला लाजवील अशी करते. तण कशाला म्हणायचे, असे विचारल्यावर ती म्हणाली, ‘आपन लावलं नाय, तरी आलं, ते तन.’ यात एक अक्षर वगळता दुरुस्तीला जागा नाही.

तेच अक्षर लेखनातही आढळले. प्रत्येक फाटकावर प्लॅस्टिकच्या पाकिटात सेवेचे नोंदपत्रक असते. आमच्या पत्रकावर आज पुढील मजकूर होता : ‘गवत कापले. पाणी दिले. मुंग्यांसाठी फवारणी केली. तन काढले – १.’ ‘तन’ म्हणजे शरीर. मी लाल शाईने ‘न’चा ‘ण’ केला आणि समासात शुद्धीची खूण केली. निवृत्तीनंतर हात पुन्हा चालल्याचे समाधान वाटले. मनोरमा म्हणाली, झाले, गवतालाही सोडले नाही यांनी.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आजही ‘तन काढले – १’. दुरुस्त केले. जाता जाता सेलिनबाईंच्या फाटकावरील पत्रकही वाचले. तेथेही तीच चूक, तोच आकडा. लेखणी खिशातून निम्मी बाहेर आली होती. परंतु दुसऱ्याच्या फाटकावरील लेखन न विचारता सुधारणे शिष्टाचाराला धरून नाही. परत ठेवली. त्या वेळी साडेनऊ वाजले होते आणि सेलिनबाई हिरवळीवर खुर्ची टाकून वाटाणे सोलत होत्या. मला पाहून ओरडल्या, ‘काय मास्तर, माझे पन मार्क कापले काय?’ मी मास्तर नाही, हे सांगायचे राहून गेले.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सेलिनबाईंचे दार मंगळवार दुपारपासून बंद आहे. आज लोपीस यांनी गटावर लिहिले की, सेलिन आंटी गेल्या रविवारी मुलाकडे राहायला गेल्या असून बंगला रिकामा आहे.

रविवार म्हणजे सोळा तारीख. मी त्यांना अठराला पाहिले. शिवाय त्यांना मुलगा नाही. मी दोन्ही दुरुस्त्या पाठवल्या. लोपीस यांचा लगेच दूरध्वनी आला. ते म्हणाले, ‘अंकल, प्लीज. तुम्ही प्रत्येक मेसेजला चुका काढता, लोक ग्रुप सोडतात. एक-दोन दिवस इकडेतिकडे झाले, त्याने काय फरक पडतो?’ एकोणचाळीस वर्षे मी नेमक्या याच वाक्याशी भांडत आलो आहे.

खुर्ची हिरवळीवर तशीच आहे. वाटाण्यांचे ताटही. गवत कडेने ताटात शिरले आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार

मीटरच्या पेटीमागे आमच्याच बंगल्याचे जुने नोंदपत्रक सापडले. आमच्यापूर्वी येथे सरोजिनी म्हात्रे नावाच्या बाई एकट्या राहत असत. शेवटची नोंद २३ सप्टेंबर, मंगळवार : ‘तन काढले – १.’ गटावरील जुने संदेश मी काढून पाहिले. लोपीस यांच्या मते सरोजिनीबाई १६ सप्टेंबरला मुलाकडे गेल्या. मात्र १९ सप्टेंबरला त्यांनी स्वतः गटावर नळाच्या गळतीची तक्रार केलेली आहे.

नळाजवळ गवतात बायकी चपलांचा एक जोड आहे. मी तो मनोरमेचा समजत होतो. उचलू लागलो, तर निघेना. अंगठ्यातून गवत वर आले आहे आणि पट्ट्यांवरून पुन्हा खाली गेले आहे, शिवल्याप्रमाणे.

मनोरमेला तूर्त सांगितलेले नाही. ती आता सकाळी दोन-दोन तास हिरवळीवर असते. गुडघे दुखत नाहीत, म्हणते.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

हे अकरा तारखेलाच माझ्या लक्षात यायला हवे होते. मुद्रितशोधक म्हणून मी नापास आहे.

‘पाणी दिले.’ ‘फवारणी केली.’ दोन्ही ‘ण’ शुद्ध. पत्रक लिहिणाऱ्याला ‘ण’ येतो. चारही पत्रके आणि सरोजिनीबाईंचे जुने पत्रक मी भिंगाखाली तपासले. ‘ण’ सर्वत्र अचूक. ‘न’ केवळ त्या एका शब्दात. बोलीमुळे झालेली चूक अशी निवडक नसते. ही चूकच नाही. त्याला ‘तन’ असेच लिहायचे आहे.

मालनला विचारले. तिने पंप खाली ठेवला. म्हणाली, ‘मना लिवता येत नाय, बाबा. मी येते तवा लिवलेलंच असतं. मना वाटलं, तुमीच लिवता.’ मग तिने आपणहून सांगितले की या वसाहतीत तण असे कधी उगवतच नाही. ती नुसते पाणी घालते आणि जाते. पंप उचलताना म्हणाली, ‘काकीला आत बसवा. आनि मी काय पुन्यांदा येनार नाय.’

आजच्या पत्रकावर ‘तन काढले – २’ आहे.

आम्ही दोघे आहोत.

‘ण’ केला. शाई दोनदा गिरवली.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आम्ही आहोत. दोघेही. दुरुस्ती मानली जाते, असाच याचा अर्थ. ज्या ज्या मंगळवारी मी ‘ण’ केला, त्या त्या मंगळवारी आमच्याकडे काही घडले नाही. सेलिनबाईंच्या फाटकापाशी लेखणी खिशात परत ठेवली, त्याला शिष्टाचार म्हणतात. त्या दिवशी एक रेघ ओढायची होती. एकच.

मनोरमेला सारे सांगितले. तिने शांतपणे ऐकले. म्हणाली, अहो, तुम्हांला चुकीशिवाय करमत नाही. तिने पाय पुसले, तेव्हा तळव्यांवर पांढरे, बारीक केस दिसले. ओढले, तर तिला दुखले.

तिला हिरवळीवर जाऊ देणार नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

मालन आली नाही. गवत कापलेले आहे.

पत्रकावर आजची नोंद नाही. पुढच्या मंगळवारची आहे : ‘९ डिसेंबर. गवत कापले. पाणी दिले. तण काढले – २.’

‘तण.’ शुद्ध.

त्याने माझी दुरुस्ती स्वीकारली आहे. मीच शिकवले. आपण लावले नाही, तरी आले – ते तण. सरोजिनीबाई आल्या होत्या. सेलिनबाई आल्या होत्या. आम्ही आठ नोव्हेंबरला, शनिवारी, अकरा वाजता –

दुसरी चूक शोधत राहिलो. एकच सापडली. तारीख भविष्यातील आणि क्रियापदे भूतकाळी. ‘कापतील’, ‘देतील’ केले, शेवटी ‘काढले’ खोडून ‘काढतील’ केले. व्याकरण शुद्ध झाले. अर्थ मात्र –

हे मी काय लिहून बसलो!

४ डिसेंबर, गुरुवार

‘काढतील’ हे माझ्याच अक्षरात आहे. खोडता येत नाही. पाकिटाच्या आत गवत आले आहे.

मनोरमा दारात उभी असते. मी दाराला कडी घालतो. ती काढते. रागावत नाही, हे अधिक –

६ डिसेंबर, शनिवार

आगाशीहून रिक्षा बोलावली. पिशवी भरली. मनोरमा खोलीत नव्हती. हिरवळीच्या मधोमध, सेलिनबाईंच्या खुर्चीत. म्हणाली, ‘अहो, गार वाटतंय. बसा ना घटकाभर.’ हात धरून उठवू लागलो. पाय निघाले नाहीत. बोटांच्या मधून गवत वर आणि घोट्यांवरून खाली.

खुरपे आणले. एक पाते कापले. एकच.

ती किंचाळली.

पात्यातून पाणी आले नाही. लाल होते. माझ्या शाईसारखे, असे क्षणभर वाटले. शाई नव्हती.

रिक्षावाला दोनदा भोंगा वाजवून गेला. मला एकट्याला जाता आले असते. हे नोंदवून ठेवतो. मी गेलो नाही.

८ डिसेंबर, सोमवार

खुर्चीशेजारी पाट टाकून बसलो आहे. चपला घातल्या आहेत. तिला भात भरवला. गिळत नाही, पण हसते. गवत गुडघ्यापर्यंत.

लोपीस यांना फोन केला. ते म्हणाले, कोण बोलतंय? नाव सांगितले. ते म्हणाले की, हा नंबर रिकाम्या बंगल्याचा आहे.

गटावर संदेश : ‘केलूसकर अंकल-आंटी काल रविवारी मुलाकडे गेले. बंगला रिकामा आहे. इच्छुकांनी संपर्क साधावा.’

उत्तर पाठवता येत नाही. मी त्या गटात नाही.

म्हणून येथे.

९ डिसेंबर, मंगळवार

दिनांकशुद्धी. जो कोणी यापुढे येथे राहायला येईल, त्याने –

सरोजिनी म्हात्रे : २३ सप्टेंबर, मंगळवार. १६ नव्हे.

सेलिनबाई : १८ नोव्हेंबर, मंगळवार, साडेनऊनंतर. १६ नव्हे. मुलगा नव्हता. मुलगी आहे, तिला कळवावे.

आत्माराम आणि मनोरमा केळुसकर : ७ डिसेंबर, रविवार – चूक. कोठेही गेलो नाही. आम्हांला मुलगा नाही. ‘ळ’. ‘ळु’ ऱ्हस्व.

मनोरमा : ९ डिसेंबर, मंगळवार. सकाळी सात वाजून दहा मिनिटे. हात माझ्या हातात होता. अजून आहे. हातच –

चपलेच्या अंगठ्यातून एक पाते –

आत्माराम : ९ डिसेंबर. वेळ –

‘तण’ नपुंसकलिंगी. म्हणून ‘काढला’ नव्हे. ‘काढली’ नव्हे. ‘काढ