ग्राइंडरच्या आवाजात

रुचा,

आई न्हाणीघरात घसरून पडली. पाय मोडलाय बहुतेक. अड्यारच्या हॉस्पिटलात नेतोय. तुझा फोन बंद लागतोय.

मी गच्चीवर ग्राइंडरने लाकडी वाडगा कोरत होतो, कानांवर आवाज अडवणारे हेडफोन लावून. ती हाका मारत राहिली, मला ऐकूच आलं नाही. शेजारच्या मामींनी वर येऊन ग्राइंडरचा प्लग काढला, तर मी त्यांच्यावरच खेकसलो.

तिच्या बीपीच्या गोळ्या मला सापडत नाहीयेत, शोधून घेऊन ये. रसम-भात आहे, खाऊन निघ.

स्ट्रेचरवरून तिने विचारलं, "तुमचा वाडगा तडकला नाही ना?" तिचा चष्मा घ्यायला म्हणून घरात आलो आणि हे लिहीत बसलोय. अँब्युलन्स खाली थांबलीय, पण तिच्यासमोर जायला पाय उचलत नाही. लवकर ये.

बाबा