आईला लावलेला छंद

१२ ऑक्टोबर

ती. ताईस, धाकट्याचा सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. तुझ्याकडचे चार दिवस झकास गेले, तुझे टोमणे धरूनसुद्धा. आल्या आल्या कानस काढली आणि गाडीच्या वायपरमध्ये असते ती पोलादी पट्टी घासायला बसलो. बायको म्हणते, दिवसभर दुकानात चष्म्यांचे स्क्रू पिळायचे आणि घरी येऊन पुन्हा हेच, हौस फिटत कशी नाही तुझी! तिला काय सांगू? स्वतःच्या हातानं घासलेल्या आकड्यानं चावीशिवाय कुलूप उघडलं, की जो खट्ट आवाज येतो ना, त्याची नशाच वेगळी.

आणि आईची काय गंमत सांगू! तू कामावर असताना ती नुसती भिंतीकडे बघत बसायची, म्हणून सहज कुलूप उघडायला शिकवलं. एका हातानं वाकडी पट्टी हलकेच ताणून धरायची, दुसऱ्या हातानं आकडा आत घालून एकेक पिन उचलायची. मला पहिलं कुलूप उघडायला महिना लागला होता. आईनं चहा निवायच्या आत उघडलं. उभा जन्म मोज्यांच्या कारखान्यात सुटलेले टाके बोटांनी हुडकण्यात गेला ना तिचा. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण बोटं अजून तरणीताठी आहेत. आमच्या शौकिनांचा नियमही तिला पाठ करून घेतलाय, उघडलेलं कुलूप परत लावून ठेवायचं. पट्टी-आकड्याची एक जोडी तिच्यापाशी ठेवून आलोय.

एक मात्र बघवलं नाही. तू जाताना तिला घरात कोंडतेस. अगं, आई आहे ती, कोंबडी नव्हे.

राग मानू नकोस, आणि लोभ कडेकुलपात ठेवू नकोस.

तुझा,
धाकटा


२ नोव्हेंबर

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

आशीर्वाद लिहायचा म्हणून लिहिला. मनातून तुझं थोबाड फोडावंसं वाटतंय.

गुरुवारी आई हातावर तुरी देऊन गेली. मी हॉस्पिटलच्या धुलाईघरात रक्ताच्या चादरी उकळत होते आणि ती आतून दार उघडून, झोपायच्या झग्यावर, अनवाणी चालत निघाली. मी परत आले तर दाराला कुलूप जसंच्या तसं. आत माणूस नाही. साऱ्या गल्ल्या पालथ्या घातल्या. तिच्या बंद पडलेल्या कारखान्यावरूनही दोनदा गेले, पण फाटकाला कुलूप होतं, मग आत कशाला बघते मी? आणि बाई आतच होत्या! आपल्या मशीनच्या जागी उभ्या होत्या, पाळी सुरू व्हायची वाट बघत. तुझा नियम पाळून फाटक आतून हात घालून नीट लावून घेतलं होतं. सकाळी पहारेकऱ्याला सापडली. रात्रभरच्या कडाक्याच्या थंडीनं पावलं निळीशार. डाव्या पायाची करंगळीकडची दोन बोटं कापावी लागली.

तुझे आकडे मी चुलीत घातले. तर तिनं छत्रीची काडी मोडून नवा केला. विचारलं तर म्हणते, धाकट्यानं शिकवलंय. आयुष्यभर तिला मी जेवू घातलं, अंघोळ घातली, आणि नाव मात्र तुझं.

तुझ्या घरच्यांना आशीर्वाद. तुझ्यासाठी उरले तर कळवीन.

ताई


९ नोव्हेंबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पत्र वाचून फार वाईट वाटलं. बोटांचं झालं ते झालं, करंगळीकडची बोटं चालायला फारशी लागत नाहीत असं ऐकून आहे. पण ताई, छत्रीच्या काडीचा आकडा! अगं, ती काडी पन्हाळीसारखी असते, आमच्यातल्या भल्याभल्यांना तिला धार काढता येत नाही. तिनं घासली कशावर? उंबऱ्यावर? जमलं तर तो आकडा मला पाठव. मित्रांना दाखवायचा आहे.

आता स्पष्टच लिहितो. चूक कोंडण्याची आहे. माणसाला कोंडलं की ते पळणारच. माझ्याकडे असती, तर मी एकही दार लावलं नसतं.

प्रेम आहेच, शब्दाला शब्द वाढवू नकोस.

धाकटा


१३ नोव्हेंबर

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

शनिवारच्या बसमध्ये तिला बसवते आहे. चालकाला सांगून ठेवलंय. स्टँडवर ये, नाहीतर ती पुढच्या गावाला जाईल. पायाची पट्टी रोज बदलायची. उंबऱ्यावरच घासला होता तो आकडा, तिच्या पिशवीत आहे.

ताई


२० जानेवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, क्षमस्व. सुरुवातीला फार छान गेलं. आमच्या रविवारच्या बैठकीला आईला घेऊन गेलो. तिनं एकामागून एक कुलपं उघडली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. परतताना माझा हात धरून म्हणाली, की इतकं कौतुक तिचं कधी कुणी केलं नव्हतं.

पण पुढे नाकी नऊ आले. बायकोचं कपाट, जिन्याखालची मीटरची खोली, काही सोडेना. गेल्या आठवड्यात समोरच्यांच्या घरात शिरली आणि त्यांच्या तान्ह्या मुलीला मांडीवर घेऊन, तुझं नाव घेत, थोपटत बसली. आतून कुलूप लावून. बाहेर त्या पोरीच्या आईनं दारावर डोकं आपटून घेतलं. पोलीस आले. घरमालक म्हणतो, पुन्हा असं झालं तर बोचकी बाहेर.

तेव्हा नाइलाज झाला. मागच्या खोलीच्या दाराचं कुलूप काढून ते भोक पत्रा ठोकून बुजवलं आणि बाहेरून साधी कडी बसवली. कोंडलंय असं मात्र समजू नकोस हं. टोपलीभर कुलपं दिलीत तिला, रमते दिवसभर. तरी तिचं मन तुझ्याकडेच लागलंय. तिला परत नेतेस का? तुझी सवय आहे तिला.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलोय, माया पातळ होऊ देऊ नकोस.

धाकटा


२६ जानेवारी

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

तिची खोली मी धुलाईघरातल्या मैत्रिणीला दिली. आम्ही दोघी संध्याकाळी पत्ते खेळतो. किती वर्षांनी मी गाढ झोपते, तुला सांगून कळायचं नाही.

आई आहे ती, कोंबडी नव्हे. सांभाळ.

ताई


४ फेब्रुवारी

चि. थोरलीस, आईचे अ. उ. आ.

मी बरी आहे. पाय दुखतो, पण कुणाला सांगत नाही. हे पत्र दाराच्या फटीतून सरकवते. सूनबाईला वाचायचा कंटाळा आहे, ती ते तसंच टपालपेटीत टाकेल.

धाकटा प्रेमळ आहे. त्यानं मला टोपली भरून कुलपं दिलीत. सगळी उघडून होतात, मग मी ती परत लावते, मग पुन्हा उघडते. त्यातलं एकही कशालाच लावलेलं नाही गं. दारावर सगळीकडे बोटं फिरवून पाहिली. नुसतं लाकूड आणि वर एक पत्रा. आकडा घालायला कुठे जागाच नाही.

तुझ्याकडे असताना मी तुला नावं ठेवायची. शेजारणीला सांगायची, की लेक मला कोंडते. ते मनावर घेऊ नकोस, मला काही आठवत नाही असं डॉक्टर म्हणतातच. आता मला घेऊन जा. माझी खोली आहे तशीच ठेव. छत्रीची काडी मी सूनबाईच्या हवाली करते, तुझ्या दाराला पुन्हा हात लावणार नाही. नुसती त्याच्यासमोर बसेन.

तुझ्या दाराला कुलूप तरी होतं.

वाट बघते. येताना उशीर झाला तरी चालेल, पण ये.

तुझी,
आई