महादेवरावांच्या गाडीचा विमा

सिंदी (रेल्वे)
ता. ६ फेब्रुवारी १९७८

ती. अन्नपूर्णाताईस,
सविनय जयभीम. वि. वि. बा आणि मी ठीक आहोत. तुझ्या सासूबाईंचा गुडघा कसा आहे?

महादेवराव मालगुजारांची अडतीस सालची काळी मोटार मी वर्ध्याच्या भंगारवाल्याकडून उचलली आणि गॅरेजात चालती केली. सेल्फ लागत नाही, अजूनही ढकलावी लागते. बा रोज तिला धुतात, आत बसा म्हटलं तर बसत नाहीत. वीस वर्षं त्यांनी ती धुतली, ढकलली; इंजिन लागलं की मालक पुढे निघून जायचे आणि बा धुळीत मागे राहायचे.

मला ती मालकांच्या दारावरून न्यायची आहे. पण विम्याशिवाय रस्त्यावर काढता येत नाही, आणि गावात विम्याचे एजंट कोण, तर जमीन गेल्यावर बॅग धरलेले हेच महादेवराव. म्हणाले, एवढ्या जुन्या गाडीचा पुरा विमाच काढावा लागतो. हप्ता सांगितला तो मी भंगारवाल्याला दिले त्याहून जास्त. वर हसून म्हणाले, की बापासारखी धुऊन ठेव, चालवाची हौस काऊन करतं.

तू विमा कंपनीतच आहेस. स्वस्तातला मार्ग असेल तर बघ. लोभ आहेच, थोडा रागही माझ्यासाठी राखून ठेव.

तुझा,
प्रेमदास


नागपूर
ता. १५ फेब्रुवारी १९७८

चि. प्रेमदास यास अनेक आशीर्वाद व जयभीम.

तुझं पत्र वाचलं आणि मी पुन्हा नऊ वर्षांची झाले. माय अडली होती. बा गाडी मागायला गेले, मी त्यांचं धोतर धरून उभी होते. महादेवराव पायरीवरून म्हणाले, की शीट बाटते. मायला बंडीतून नेलं. सेलूच्या अलीकडे तू जन्मलास आणि ती गेली. आठ दिवसांनी बा पुन्हा ती गाडी धुवायला गेले. बांवरचा तो रागही मी अजून सोडलेला नाही.

आता कामाचं. फक्त थर्ड पार्टी विमा काढ. कायद्याला तेवढा पुरतो आणि हप्ता तुझ्या मिस्त्रीकामात सहज बसेल. महादेवरावांनी हे मुद्दाम लपवलं. सोबतच्या फॉर्मवर सही करून थेट मला पाठव, त्यांना कमिशनचा पैसाही मिळायला नको. मात्र या विम्यात रस्त्यावरच्या माणसाची जबाबदारी असते, आत बसणाऱ्याची नसते.

त्यांच्या दारावरून जाशील तेव्हा सावकाश जा. बांना जपून राहा, म्हणजे माझा जीव थाऱ्यावर राहील.

तुझी,
ताई


सिंदी (रेल्वे)
ता. २० एप्रिल १९७८

ती. ताईस,
सविनय जयभीम. वि. वि. पॉलिसी मिळाली. गाडी तीनदा त्यांच्या दारावरून नेली. तिसऱ्यांदा त्यांनी दार लावून घेतलं.

परवा भर दुपारी महादेवराव गॅरेजवर आले. मागे बंडीत त्यांच्या पत्नी आनंदाबाई पोट धरून निजलेल्या. एसटी दोन तास नव्हती, सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यायचं होतं. त्यांनी हात जोडले. मी पॉलिसी काढून मोठ्याने सांगितलं, की आत बसणाऱ्याची जबाबदारी यात नाही. मग त्यांचेच शब्द त्यांना परत दिले, की शीट बाटते. त्यांची मान खाली गेली. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

तेवढ्यात बा आले. मला म्हणाले, की बाईनं आपलं काई केलं नाई, तिले निजव मांगं. मग महादेवरावांना म्हणाले, की गाडी ढकला लागते, मालक. आणि माझ्या शेजारी येऊन बसले. पहिल्यांदा, ताई.

महादेवरावांनी बाजारातून स्टेशनच्या रस्त्यापर्यंत गाडी ढकलली. धोतराचा सोगा सुटला, सगळी दुकानं बघत होती. इंजिन लागलं तसे ते हात करून थांब म्हणू लागले. मी बांकडे पाहिलं. बा समोर बघत म्हणाले, की ढकलनारा मांगंच राह्यते.

मी थांबलो नाही. बाईंचं वेळेवर ऑपरेशन झालं, आता आराम आहे. महादेवराव संध्याकाळच्या एसटीने पोचले. चुकलं असेल तर रागव, पण पत्र पाठव.

तुझा,
प्रेमदास


नागपूर
ता. २७ एप्रिल १९७८

चि. प्रेमदास यास आशीर्वाद व जयभीम.

आनंदाबाई वाचल्या याचा आनंद आहे. त्यांचा नवरा रस्त्यात राहिला याचा जास्त आहे. माय तेवढ्याने परत येत नाही, हे मला कळतं.

पुढच्या वर्षीचा हप्ता मी भरीन. बांवरचा राग मात्र आज सोडला, त्यांना तसं सांग. आणि उद्यापासून गाडी तू धू. त्यांनी आत बसून राहावं.

तुझी,
ताई