फरशीवरचं निळं पाणी

बाबा,

तुम्ही उठायच्या आधीच मी कामावर निघाले. संडासाच्या फरशीवर निळं पाणी दिसेल, ते आधी नीट बघा, मग पुसा. रात्री फ्लशच्या टाकीत शाई ओतली होती, गळती शोधायची तुमचीच युक्ती. टाकीच्या बुडाला केसाएवढी चीर आहे. कॉक बंद करून टाकी रिकामी केलीय. वाळली की चिरेत इपॉक्सी तुम्हीच भरा, माझ्या हाताला ती सफाई नाही.

रोज पहाटे तुम्ही गुपचूप फरशी पुसता, हे मला ठाऊक होतं. वयामुळे तुमच्याकडूनच लघवी सांडतेय असं समजून मीही गप्प बसले. चुकलंच माझं. पण जन्मभर लोकांचे नळ दुरुस्त केलेत आणि घरात ओल दिसताच संशय स्वतःवर घेतलात?

धास्तीने सोडलेला संध्याकाळचा चहा आजपासून पुन्हा सुरू. कप भरून.

तुमची ठमी