पहिला प्रश्न सोपा

१२ नोव्हेंबर

आज रोहण्यातल्या अकरा बायकांनी फोन लावला. नोंद झाली दोघींची! बाकी नऊजणींना फोनमधल्या बाईने "क्षमस्व, आपले उत्तर समजले नाही" म्हणून वाटेला लावलं.

फोनमधली बाई म्हणजे मशीन. आमच्या संस्थेचं मुख्यालय जिनिव्हात. शंभरावर देशांच्या सरकारांनी मिळून चालवलेली संस्था. इतकी वर्षं पिकांचा सल्ला जाड पुस्तकांत छापायची आणि ती पुस्तकं कुठल्या तरी कपाटात जाऊन बसायची. आता सगळं डिजिटल करायचं ठरलंय. भाजी पिकवणाऱ्या बाईने साध्या फोनवरून नंबर लावायचा, तीन प्रश्नांची तोंडी उत्तरं द्यायची — आपले नाव, पतीचे नाव, पीक. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी मशीन तिला नावाने हाक मारून सांगणार — आज पाणी द्या, उद्या फवारू नका. कागद नाही, आधार नाही, अंगठा नाही. सांगाल ते नाव. मला तर हे फार आवडलं. ग्रामपंचायतीत सहा वर्षं कॉम्प्युटरवर बसले, तेव्हा एका दाखल्यासाठी चार झेरॉक्स मागत होते मी!

अट एकच. पंधरा डिसेंबरपर्यंत चाळीस नोंदी. झाल्या तर दोन वर्षं सेवा इथे राहील. नाही झाल्या तर बिऱ्हाड उचलून दुसऱ्या देशात.

१४ नोव्हेंबर

कारण सापडलं. आणि मी, याच गावची सून, तीन दिवस नेटवर्कला शिव्या घालत बसले!

रेकॉर्डिंग ऐकले. पहिला प्रश्न पार पडतो. दुसऱ्याला गाडी अडते — "कृपया आपल्या पतीचे नाव सांगा." कोणी गप्प. कोणी हसतेय. कोणी मागे वळून शेजारणीला सांगतेय, "तूच सांग वं मायं." साठीच्या पुढची बाई नवऱ्याचं नाव असं सरळ तोंडाने घेईल होय! गोपिकाबाई तेवढ्या शहाण्या. शेजारच्या आमच्या, चंद्रभानरावांच्या घरच्या. त्यांनी रीतसर उखाणा घेतला —

"मेथीच्या वाफ्याले पाटाचं पानी, चंद्रभानरावाचं नाव घेते मी वावराची रानी."

सुरेख घेतला. पण मशीन सहा सेकंदच ऐकतं. चंद्रभानराव यायच्या आत दार बंद. नोंदवहीत गोपिकाबाईंच्या पतीचं नाव — मेथी.

आणखी एकीचा पती "चांदीचं ताट" आहे. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं.

१५ नोव्हेंबर

शनिवार. माझा नवरा प्रफुल वर्ध्याहून आला. त्याला सांगितलं तर म्हणतो, तुझ्या नोंदवहीत माझं नाव काय टाकशील? म्हटलं, मटर. आल्यापासून सोलून ठेवलेले सगळे खाल्ले मेल्याने.

१७ नोव्हेंबर

दुपारी अंकिताशी व्हिडिओवर बोलणं. ती जिनिव्हाच्या ऑफिसात या फोनचं सगळं बघते. मूळची नागपूरची, त्यामुळे तिला अर्ध्या वाक्यात कळतं. मेथीचं ऐकून ती इतकी हसली की मागून जाणारा एक गोरा साहेब थांबून बघायला लागला.

पण मग म्हणाली, "नंदिनीताई, सहा सेकंद अकरा देशांत पुरले आहेत. सगळीकडे एकच मापदंड ठेवायचा असं वरून आहे."

"त्या अकरा देशांतल्या बायका नवऱ्याचं नाव सरळ घेत असतील," मी म्हटलं.

"सेकंद बदलायचे तर समिती बसेल. प्रश्न काढून टाकायचा तर मी उद्या काढू शकते."

काढ म्हटलं. अडचणच नको. किती सोपं!

२० नोव्हेंबर

सोपं! माझ्या तोंडाला कुलूप लावलं पाहिजे.

सकाळी गोपिकाबाई दारात. "काऊन वं नंदिनी, आमच्या घरच्याचं नाव काऊन काढलं? ते काय मेले का?"

त्यांच्या मागे आणखी तिघी. एकीने तर उखाणा पाठ करून ठेवला होता, दोन दिवस खपून. आता म्हणावा कोणाला? शिवाय रोहण्यात गोपिका चार आहेत. नवऱ्याचं नाव नाही तर कोणती गोपिका कोण, हे मशीनला कसं कळावं? झालंही तसंच. मेथीवाल्या गोपिकेला टोमॅटोचा सल्ला गेला. त्या फोनला म्हणाल्या म्हणे, "बाई, तुयं डोकं ठिकान्यावर हाय ना?"

अंकिताला लिहिलं — प्रश्न परत घाला आणि सेकंद वाढवा. समिती बसवायची असेल तर बसवा. सोबत तो पाठ केलेला उखाणा माझ्या फोनवर रेकॉर्ड करून पाठवला, चौदा सेकंदांचा. समितीला मराठी येत नसलं तरी ऐकू तर येईल.

आज नोंदी अकरा.

२३ नोव्हेंबर

यादी चाळताना एक गंमत दिसली. आईंच्या नंबरवरून चार फोन! आई म्हणजे माझ्या सासूबाई, आनंदाबाई. वय एकोणसत्तर. बाबांचा कापूस आणि आईंची वांगी-कोथिंबीर. वांग्याच्या तुकड्यात बाबांनासुद्धा विचारल्याशिवाय पाय टाकता येत नाही.

चारही फोन पहिल्याच प्रश्नावर कापलेले. आपले नाव सांगा — आणि पुढे काही नाही. नुसता श्वास. पहिला प्रश्न तर किती सोपा! फोन उलटा धरत असणार. मागे एकदा अर्धा तास पाठीमागच्या बाजूने माहेरी बोलत होत्या.

विचारावंसं फार वाटतंय. पण घरच्यांना आग्रह करायचा नाही, फोन लावताना जवळ बसायचं नाही, असा संस्थेचा नियम आहे. चार वेळा लावला म्हणजे हवंय त्यांना. मागच्या साली वांग्यावर फवारलं आणि संध्याकाळीच पाऊस येऊन सगळं धुऊन गेला, तेव्हा दोन दिवस जेवल्या नव्हत्या धड. ती सेवा त्यांच्यासाठीच तर आहे! चाळिसात त्या नसल्या तर मला कसलं समाधान.

२७ नोव्हेंबर

समिती बसली. समिती उठली. तीस सेकंद मिळाले!!

अंकिता म्हणाली, ते चौदा सेकंदांचं गाणं एका साहेबांनी दोनदा ऐकलं. उखाणा म्हणजे काय ते तिने समजावलं, तर त्यांनी विचारलं, आणि नवरे बायकोचं नाव कसं घेतात? हाच प्रश्न तिने मला केला. मी आमच्या घरचंच सांगितलं. बाबा आईंना "ऐकलं का" म्हणतात. इतक्या वर्षांत दुसरं काही ऐकलं नाही मी. गंमत म्हणजे त्या ऐकतात!

२९ नोव्हेंबर

ओट्यावर आज सभाच भरली होती. बायका आपापसात उखाणे जुळवतायत आणि एकेक जण कोपऱ्यात जाऊन फोन लावून येतेय. मी नियमाप्रमाणे आत, खिडकीच्या आड. आई खाली बसून कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होत्या.

गोपिकाबाईंच्या सुनेचं आत्ताच वैशाखात लग्न झालंय. तिने खिडकीतून विचारलं, "ताई, नाव मायेरचं सांगू का इथलं?"

"तुला आवडेल ते सांग," मी म्हटलं. "मशीन काही पुरावा मागत नाही."

"कोनतंबी चालते?" हे आईंनी विचारलं, जुडी बांधता बांधता.

"कोणतंही चालतं आई. तुम्ही कधी लावता?"

"पाहू."

पाहू म्हणजे नाही. सतरा वर्षं झाली या घरात, एवढं कळतं मला. नोंदी सव्वीस.

१ डिसेंबर

जिनिव्हाहून नवा नियम. खासगीपणा जपायचा म्हणून आजपासून आम्हाला नावं, नंबर दिसणार नाहीत. रेकॉर्डिंगही नाही. फक्त आकडा, वेळ आणि पीक. बरोबर आहे त्यांचं. मेथी म्हणून किती हसले मी! तरी थोडं सुनं वाटतंय.

४ डिसेंबर

गोपिकाबाईंना परवा सकाळी सल्ला आला — दोन दिवस ढगाळ, तोडायला आलेली मेथी आज तोडा. त्यांनी तोडली आणि आर्वीच्या बाजारात नेली. आज आभाळ खाली आलंय, रिपरिप सुरू. बाकीच्यांची मेथी वाफ्यात पिवळी पडतेय. दुपारपर्यंत अख्ख्या गावाला बातमी.

गोपिकाबाई आता मशीनला उत्तरं देतात. "हाव बाई, तोडतो. तुयं जेवन झालं का?" मशीन म्हणतं, धन्यवाद. त्या म्हणतात, गरीब हाय बिचारी, लय कमी बोलते.

आईंची कोथिंबीर आडवी झाली.  त्या उठून एकेक झुपका हाताने सरळ करत बसल्या. मला फार वाईट वाटलं. फोन त्यांच्या कमरेला पिशवीत होता.

९ डिसेंबर

पस्तीस.

११ डिसेंबर

छत्तीस. आता उरलेल्या बायकांना एक तर फोन नाही, नाही तर नवऱ्याने ना म्हटलंय. बाबांनी आज जेवताना विचारलं, "किती झाल्या नंदिनी?" सांगितलं. ते आईंकडे बघून म्हणाले, "ऐकलं का, तू लावून पाह्य ना एकडाव. मायं नाव घ्यायची लाज वाटते का आता म्हातारपनी?"

"तुमच्या नावाची नाई वाटत," आई म्हणाल्या आणि भाकर वाढायला उठल्या.

मी हसले. बाबाही हसले.

१३ डिसेंबर

अडतीस. प्रफुल आल्या आल्या म्हणाला, हरलीस तरी काय, अडतीस उखाणे तर जमा झाले. लाटणं फेकून मारलं. लागलं नाही.

खरं सांगायचं तर हरायचं नाहीये मला. गेल्या महिनाभरात हा ओटा जितका हसलाय तितका कधी हसला नव्हता.

१४ डिसेंबर

एकोणचाळीस. एक! फक्त एक हवी.

दुपारी आई माझ्याकडे पाठ करून बसल्या होत्या, वांग्याच्या तुकड्याकडे तोंड करून. जवळ जाऊन म्हणावंसं वाटलं — आई, माझ्यासाठी लावा. नियम आठवला. नुसता चहा नेऊन दिला. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला, कोथिंबिरीचा वास असलेला. असं त्या एरवी करत नाहीत.

१५ डिसेंबर

दुपारपर्यंत एकोणचाळीस. चारला एकोणचाळीस. मी कॉम्प्युटर बंद करून कुकर लावला. पाच वाजता अंकिताचा मेसेज — चाळीस!!!!!

तीनदा उघडून बघितलं. चाळीसच. चार वाजून बावीस मिनिटांनी. पीक: वांगी. बस, एवढंच दिसतं.

वांगी गावात सहा-सात जणी लावतात. गोपिकाबाईंनी पेढे आणले आणि ओट्यावर ज्याला-त्याला विचारत सुटल्या, कोन लावला वं शेवटचा? जी-ती दुसरीकडे बोट दाखवत होती. आई तेव्हा पाणी द्यायला वावरात गेल्या होत्या. आल्यावर त्यांना पेढा दिला. अर्धा स्वतः खाल्ला, अर्धा बाबांच्या हातावर ठेवला.

कोणी का लावला असेना. दोन वर्षं! आज मला काही म्हणजे काही कमी नाही.

१६ डिसेंबर

सकाळी ओट्यावर आईंचा फोन वाजला. त्यांचे हात मातीचे, म्हणून मीच उचलून स्पीकर लावला. मशीन म्हणालं, "नमस्कार जयवंताबाई. आज आभाळ मोकळे राहील. वांग्याला पाणी द्या."

मी म्हटलं, दुसऱ्याच कोणाचा लागलाय आई, कापते.

"राहू दे," आई म्हणाल्या. "मायाच हाय."

मग कळलं. लग्नात ताटातल्या तांदळात बाबांनी अंगठीने आनंदा लिहिलं. त्याआधी अठरा वर्षं त्या जयवंता होत्या. एकावन्न वर्षांत नाव कोणी विचारलंच नव्हतं.

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. 

"जयवंता," ते म्हणाले.

आई म्हणाल्या, "हाव."