पहिल्या कुदळीचा मान

१६ जून, सोमवार
हात वर केला. केलाच!

देवळात बैठक होती. पुतण्या ऋषिराज पुढं. "यंदा मोहरमला आपल्यातलं कुणी जायचं न्हाई. पंजं उचलायचं न्हाईत, कुदळ बी मारायची न्हाई. कबूल असंल त्यांनी हात वर करा." सगळे वळून माझ्याकडंच बघायला लागले. बघणारच. दर्ग्यापुढचा मोहरमच्या आगीचा खड्डा खणायला पहिली कुदळ आमच्या घराची — आज्यापासून. पलटणीत होतो तेव्हा मी त्यासाठी रजा टाकून यायचो.

गोळीला कधी भ्यालो नाही. पुतण्याच्या नजरेला भ्यालो.

२० जून, शुक्रवार
पोराचा, जयराजचा, कोइमतूरहून फोन. त्याला सगळं कळलेलं. "बरं केलंसा आबा. तुमाला गावातच ऱ्हायचं हाय." बरं केलं म्हणे! आज दिवसभरात तोंडातून निघाले ते शब्द या पोराशीच. ऋषिराज आता गोड बोलून चहाला बोलावतो, पण जावंसं वाटत नाही. मळ्यालाही दर्गा टाळून लांबच्या वाटेनं गेलो. ही असती तर निदान भांडली तरी असती माझ्याशी.

२५ जून, बुधवार
उद्या चंद्र दिसंल. दर्ग्याचा मुजावर दस्तगीर. चंद्र दिसला की त्यानं गूळ-खोबरं घेऊन घरी यायचं अन् "चला नाथाजीराव" म्हणायचं, अशी रीत. एरवी मी नुसता नाथ्या! शाळेपासून.

आला तर काय सांगू? त्याच्या तोंडावर नाही म्हणू? तरी सदरा इस्त्री करून ठेवला. येडा कुठला मी.

२७ जून, शुक्रवार
आला नाही. ताशा वाजला, कुदळ पडली. दस्तगीरच्या पुतण्यानं मारली म्हणे.

लय राग आला. आज्यापासूनचा मान आमचा, अन् एका शब्दानं विचारलं नाही! मी हात वर केला ते माझं मी बघीन, त्यानं यायला नको? लिहितानाच लाज वाटतेय. पण राग आहे तो आहे.

६ जुलै, रविवार
मिरवणूक गेली. मी दार लावून बसलो. दस्तगीरच्या घरनं दरसाली गुळाच्या गोड चोंग्यांचा डबा यायचा. ठेचा-भाकरी खाल्ली.

९ जुलै, बुधवार
गिरणीत दस्तगीरची सून भेटली. मी मान फिरवली, तर तीच बोलली. "आवं काका, आमच्या पोरांनी बी बैठक घेतली. म्हनली, त्यांच्यातला कुणी नगं. अब्बा एकटं अडून बसलं — नाथाजीच्या हाताबिगर कुदळ पडायची न्हाई! लय भांडान झालं. पोरांनी त्यांची मुजावरकी काढून घेतली, दर्ग्याची किल्ली बी. तवापासनं घरातबी कुणाशी बोलत न्हाईत."

पीठ तिथंच विसरून आलो.

माझ्यासाठी भांडला! मी हात वर केल्याचं त्याला ठाऊक नसणार. ठाऊक असतं तर कशाला भांडला असता? आता सांगितलं पाहिजे. सांगितलं की हाही गेला. मग गावात माझं कोण?

१० जुलै, गुरुवार
गेलो. उंबऱ्यातच सांगून टाकलं — "दस्तगीर, मी हात वर केला हुता."

"ठावं हाय रं. त्याच दिशी कळलं हुतं."