केळवणातली शेवंड

होळी, वसई
१० जानेवारी २०२५

चि. अक्षदा हिस सुमनआत्याचे अनेक आशीर्वाद.

फोनवर मला धड ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. रविवारी तुझं नि हर्षवर्धनचं केळवण आमच्याकडे. त्याला कोळंबीचा त्रास होतो, हे लक्षात आहे हो. घरात कोळंबी येणारच नाही. कोळणीला शेवंड सांगून ठेवलीय. आमच्या घरी ताटात शेवंड पडली म्हणजे जावयाचा मान झाला. तुझ्या कऱ्हाडकराला हे नावही ठाऊक नसेल. आधी जेवू दे, मग शेवंड म्हणजे काय ते सांगू. सोलून नारळाच्या रसात करते.

दोघं भूक ठेवून या, माया आहेच.
सुमनआत्या

होळी
१३ जानेवारी

चि. अक्षदास आशीर्वाद.

आमचा उमंग इस्पितळात जाऊन आला, म्हणतो, हर्षवर्धन बरा आहे. पण आईला धीर द्यायला तो काहीही सांगेल. तुझ्या हातच्या दोन ओळी त्याच्याबरोबर धाड. पोरगा पुरे म्हणत होता, मला वाटलं लाजतोय. मी त्याचा हात बाजूला करून वाढलं. मग त्याचे ओठ सुजले, श्वास घरघरायला लागला. डॉक्टर म्हणाले म्हणे, शेवंड नि कोळंबी एकाच कुळातली. मला बाई नाव वेगळं म्हणजे प्राणीच वेगळा वाटला.

त्याच्या घरचे लग्न मोडतील का गं? मोडू देत. तो तेवढा जगू दे.

तुझी घाबरलेली
आत्या

माणिकपूर
१४ जानेवारी

ती. सौ. आत्यास, अक्षदाचा शि. सा. नमस्कार.

धोका टळलाय. उद्या घरी सोडतील. लग्न कुणी मोडत नाही. हर्षवर्धन मोबाइलवर वाचून म्हणतो कसा, शेवंडीच्या लॉब्स्टर या इंग्रजी नावाच्या मुळाशी टोळ आहे, आत्यांनी मला समुद्रातला टोळ चारला. मी हसले आणि मग रडतच बसले.

दोष तुझ्या एकटीचा नाही. तुझं पत्र वाचून माझ्या तोंडाला पाणी सुटलं, धोका मलाही सुचला नाही. पण आत्या, पहिल्याच घासाला त्याचा घसा खाजला होता. तू एवढ्या प्रेमानं वाढतेस, नको कसं म्हणायचं, म्हणून खात राहिला. हे कळल्यापासून मला जास्त भीती वाटते. उद्या तो मलाही नको म्हणणार नाही.

लग्नात वाढायला तूच ये. पातेल्यात काय आहे ते आधी सांग. तो पुरे म्हणाला की पुढच्या पानाकडे वळ.

माया आहे तेवढीच असू दे, आग्रह तेवढा कमी कर.
तुझी
अक्षदा